सदुसष्ट हरकती

सुनावणी दहा मिनिटांत आटोपेल, असं सगळ्यांनीच धरलं होतं. ती आटोपली की सोमवारपासून मांजरी गावच्या रस्त्याकडेच्या सदुसष्ट झाडांवर करवत चालणार होती.

रस्ता रुंद व्हावा म्हणून नव्या सोसायट्यांच्या महासंघाने बस भरून माणसं आणली होती. सचिव अनिरुद्ध परांजपे कडक इस्त्रीच्या शर्टात पुढच्या रांगेत बसले होते. त्यांचा अर्ज एक, सह्या तीनशे चाळीस. झाडांच्या बाजूने कांताबाई एकट्या. रोज त्याच रस्त्याने त्या खुरपणीला चालत जात.

"तुमचा अर्ज द्या," सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले.

कांताबाईंनी पिशवीतून गठ्ठा काढला. सदुसष्ट अर्ज. सगळे हाताने लिहिलेले, आणि प्रत्येकावर याच कार्यालयाचा आवक शिक्का.

"अहो बाई, हरकत एकदाच घ्यायची असते."

"साहेब, नोटीस तुम्ही एकेका झाडाला ठोकली. 'या झाडाबाबत हरकत असल्यास कळवावे.' मग म्याबी एकेका झाडाचं कळवलं."

मागे हशा पिकला. कारकून मात्र हसला नाही. शिक्के त्यानेच मारले होते, न बघता. आता शिक्का पडलेला प्रत्येक अर्ज वेगळा ऐकणं भाग होतं.

"झाडांनी वकीलपत्र दिलंय का तुम्हाला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"न्हाई. त्यांना नोटीस वाचता येत न्हाई, म्हणून आले."

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. झाड क्रमांक एक, कडुनिंब. कांताबाई घाई करत नव्हत्या. कुठल्या झाडाखाली शाळेची पोरं रिक्षाची वाट बघतात, कुठल्या ढोलीत पोपट आहेत, कुठल्या चिंचेचा कोळ कोणाच्या घरी जातो, सगळं त्यांना पाठ होतं. आणि खरं सांगायचं तर अधिकाऱ्यांनाही ते ऐकावंसं वाटत होतं.

अकराव्या झाडाला बसचा ड्रायव्हर डोकावून गेला. पंधराव्याला खुर्च्या निम्म्या रिकाम्या झाल्या. अनिरुद्ध परांजपे सर्वांत शेवटी उठले आणि कांताबाईंपाशी थांबले.

"मावशी, रस्ता तुमच्यासाठीही होतोय."

"मी चालत जाते, दादा. चालणाऱ्याला सावली लागती."

पाच वाजता तेवीस झाडं झाली होती. अधिकाऱ्यांनी उरलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मग कारकुनाकडे. कारकुनाने कंत्राटदाराला फोन लावला. सोमवारी करवती आणू नका, सुनावणी चालू आहे.

कांताबाईंनी अर्ज पिशवीत भरले, पदर खोचला आणि दारातून वळून पाहिलं.

"साहेब, उद्या डबा घेऊन या. चाळिसावं झाड वडाचं हाय. त्याला येळ लागंल."