हाडांच्या तारखा

"मॅडम, हात असा ठेवू?" शेवंता घरतने विचारलं.

फौजदार हेमलता तांडेलने अस्थिवाचक तिच्या मनगटापासून खांद्यापर्यंत हळूहळू फिरवला. आता मार सिद्ध करायला साक्षीदार लागत नसे. हाड कधी मोडलं, ते यंत्रच तारखेसकट सांगे. पडद्यावर पाच तारखा उमटल्या. पहिली होती अकरा मार्च, तीन वर्षांपूर्वीची.

हेमलताचा हात थबकला. त्याच दुपारी शेवंता या ठाण्यात आली होती. तेव्हा अंगावर एकही खूण नव्हती, नुसती भीती होती. "नवरा मारीन म्हणतोय," एवढंच ती सांगत होती. हेमलताने तक्रार लिहिलीच नाही. नवऱ्याला बोलावून घेतलं, दोघांना चहा पाजला आणि त्याच्याच मोटरसायकलवर बसवून तिला परत धाडलं.

"त्या दिवशी घरी गेल्यावर झालं का हे?"

"घरी कुठलं मॅडम," शेवंता शांतपणे म्हणाली. "वाटेतच, पुलावर. पोलिसांकडे गेलीस म्हणून."

माफी मागितली तर ही बाई 'असू द्या' म्हणेल, आणि ते हेमलताला ऐकवलं नसतं. तिने शेवंताच्या नवऱ्याला आणायला गाडी पाठवली. मग अहवालात 'धोक्याची माहिती आधी कोणाला होती' या रकान्यात स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहून तो वरिष्ठांकडे पाठवला.

"मॅडम, आज तरी मला घरी पाठवणार नाही ना?"

"नाही," हेमलता म्हणाली. तिला वर बघवेना.