सोळाव्या वर्षापर्यंत मावशी

"मावशी म्हण," सू-छिन म्हणाली.

अकरा महिन्यांची पेइ-रू शिवणयंत्राच्या पायाला धरून उभी होती. "म्मा," ती म्हणाली आणि स्वतःच्याच पराक्रमावर खुदकन हसली.

"म्मा नाही. मावशी." हातातला शाळेचा सदरा खाली ठेवून सू-छिन पोरीसमोर जमिनीवर बसली. तो शब्द तिने इतक्यांदा वदवून घेतला, की शेवटी पेइ-रू रडू लागली.

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या त्या गल्लीत सू-छिनचे लहानसे दुकान होते. शाळांच्या गणवेशांवर मुलांची नावे आणि क्रमांक ती दोऱ्याने भरून देई. महिन्याभराच्या तान्हीला पाठीशी बांधून ती पूर्व किनाऱ्यावरून इथे राहायला आली, तेव्हा मुलीचा बाप बोटीसकट समुद्रात गेल्याचे तिने सांगितले होते. त्यापुढे कुणी काही विचारले नाही.

शेजारच्या जिन-चू आजीने मात्र 'मावशी' ऐकले आणि तिला सारे उमगले.

"ज्योतिषानं सांगितलं असणार! पोरीचं नशीब आईच्या नशिबाला आडवं जातं, हो ना? आमच्या धाकट्या दिरालासुद्धा आईला काकू म्हणायला लावलं होतं. 'आई' म्हटलं की देवांची नजर वळते गं. कितव्या वर्षापर्यंत आहे हे?"

सू-छिन सुईत दोरा ओवत होती. "सोळाव्या," ती म्हणाली.

"बरोबर! सोळापर्यंत पोर लेकरं राखणाऱ्या पलंगदेवीच्या ओटीत. मग तू सुटलीस."

तिसऱ्या वर्षी पेइ-रूला 'का' हा शब्द सापडला. मासे पाण्यात का, आजीला दात का नाहीत, आणि समोरचा बो-वेइ त्याच्या आईला आई का म्हणतो?

उत्तर आजीनेच दिले. "तुझी आई आपण देवांपासून लपवून ठेवलीय, राणी. सोळा वर्षांची झालीस की मोठ्यानं हाक मार."

पेइ-रूला तो लपंडाव फार आवडला. बालवाडीच्या दारात ती सू-छिनच्या कानाशी तोंड नेई आणि कुजबुजे, "मला माहितीय तू कोण आहेस."

सू-छिन तिच्या केसांतली पिन नीट करी.

सहाव्या वर्षी खालचा दात पडला. "पाय जुळव, नाहीतर नवा दात वाकडा येईल," असे सांगून सू-छिनने तो तिच्याकडून छपरावर फेकवला. पेइ-रूचे नाव ती दर वर्षी नव्या सदऱ्यावर स्वतः भरी. बाह्या लांबत गेल्या, अक्षरे तेवढीच राहिली. शाळेचे कागदही तीच भरी आणि पाकीट बंद करूनच देई.

बाराव्या वर्षी एका दुपारी पेइ-रू न्हाणीघरातून बाहेरच येईना. "मावशी, एकटीच ये," आतून दबका आवाज आला. सू-छिनने तिला सगळे समजावले, आल्या-गुळाचे गरम पाणी पाजले आणि तिचे डोके मांडीवर घेऊन ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. त्या दिवशी दुकान उघडलेच नाही.

तेराव्या वर्षी दारे आपटू लागली.

"सगळ्या मुलींना आई आहे! मला काय आहे? ज्योतिषी!"

"जेवण निवतंय."

"तुला काहीच कसं वाटत नाही गं? एकदा तरी वाटलं का, हिनं आई म्हणावं?"

सू-छिन वाडगा हातात घेऊन दाराबाहेर उभी होती. "वाटतं," ती म्हणाली. "रोज वाटतं."

दार उघडले. पेइ-रूने वाडगा घेतला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. त्यानंतर दारे आपटली, पण त्या शब्दावरून कधी नाही.

आणि सोळावे वर्ष आले. सातव्या महिन्यातल्या सप्तमीला, पलंगदेवीची ओटी सोडून मुले मोठी होतात त्या दिवशी, सकाळी वेणी घालताना सू-छिनचे हात मध्येच थांबले.

"पेइ-रू, तुला एक सांगायचंय. देवळात जाण्याआधी."

"अंहं. आधी मी हाक मारणार, मग तू सांग. माझा पहिला नंबर." पेइ-रूने आरशातून तिच्याकडे पाहिले. "रडू नकोस हं. डोळे सुजले तर फोटोत बेडकासारखी दिसशील."

देवळाच्या अंगणात ऊन तापले होते. रंगीत कागदांच्या मखराची एक बाजू सू-छिनने उचलून धरली, दुसरी आजीच्या मुलाने. सारी गल्ली जमली होती. आजीला खुर्चीसकट आणले होते. रीतीप्रमाणे पेइ-रू मखराखालून रांगत गेली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि धुळीने माखलेल्या गुडघ्यांनी सू-छिनसमोर उभी राहिली. ती आता उंचीने तिच्याहून बोटभर जास्त होती.

"आई," पेइ-रू म्हणाली. आवाज फुटला, म्हणून तिने पुन्हा, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशी हाक मारली. "आई!"

बायकांनी हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले.

"अगं, बघतेस काय?" खुर्चीतून आजी ओरडली. "ओ दे की!"

पेइ-रूला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी तापाने विझत चाललेल्या धाकट्या बहिणीला सू-छिनने शब्द दिला होता : हिला मावशीच म्हणायला शिकवीन, सोळाव्या वर्षी तुझे नाव सांगीन, 'आई' ही तुझी हाक मी कधीच घेणार नाही.

"ओ," सू-छिन म्हणाली.