फोटोची काळी बाजू

"कॅमेऱ्यात बिघाड नाही," दुरुस्तीवाले काका म्हणाले, आणि धाकटीचा चेहरा पडला.

काकांनी तिने आणलेला फोटो दिव्याखाली धरला. ताईचं लग्न ठरलं, त्या दिवशी बाबांनी काढलेला. ताई लख्ख उजेडात हसत होती. तिच्या शेजारी बसलेला नवरामुलगा काळ्या पट्ट्यात गडप झाला होता.

"फ्लॅश उडतो तेव्हा आतला पडदा पूर्ण उघडा लागतो. वेग जास्त ठेवला, की तोवर मागचा दुसरा पडदा अर्ध्यावर आलेला असतो. तेवढा भाग काळा."

"वेगाची चकती आपोआप सरकली असेल?"

"ही उचलून फिरवावी लागते."

"हो, घट्टच आहे." तिने न बघता चकती उचलली, एक घर पुढे नेली, परत जागेवर आणली.

त्या फोटोवरूनच बिनसलं होतं. "आमच्या मुलाच्या तोंडाला काळं फासलंत," मुलाची आई म्हणाली. शब्दाने शब्द वाढला, लग्न मोडलं. ताई तशीच राहिली. बाबांनी पुन्हा कॅमेरा धरला नाही. आता ते अंथरुणाला खिळले होते, आणि ताई औषध घेऊन आली की भिंतीकडे तोंड करत. "मी पोरीचं वाटोळं केलं," एवढंच म्हणत. ते ऐकलं की धाकटीला घास उतरत नसे.

"काका, एक खोटं बोलाल? बाबांना सांगा, पडदा अडकत होता."

काका काच पुसत राहिले. "कॅमेरा काही अब्रुनुकसानीचा दावा लावणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी बाबांना फोन लावला.

संध्याकाळी ती बाबांपाशी बसली. ताई स्वयंपाकघरात होती.

"जावईबापू आजही ताईला टाळून खालीच थांबले?" बाबांनी विचारलं.

"हो. ऐकलंत ना, बाबा? दोष कॅमेऱ्याचा होता. आता तरी मनाला लावून घेऊ नका."

बाबांनी तिचा हात हातात घेतला. दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"पडदा चांगला आहे गं. फ्लॅश बसवताना कॅमेरा तुझ्याकडे दिला होता, तेव्हा तू चकती फिरवलीस ते मी बघितलं होतं. तुझं मन कुठे गुंतलंय तेही. जावईबापूंचा चेहरा काळा येणार हे ठाऊक असूनच मी बटण दाबलं."