विमान जाईपर्यंत

संघ सपाटून हरला होता, तरी अश्वजित उड्या मारतच जाळीकडे निघाला. बाडहूव्हडॉर्प या डच गावातल्या छोट्या बेसबॉल क्लबात तो दुसऱ्या संघात खेळायचा आणि मैदानाच्या पार मागच्या कोपऱ्यात उभा राहायचा. तिकडे चेंडू क्वचितच यायचा, आणि आलाच तर बहुतेकदा त्याच्या हातून सुटायचा. पण सामना संपल्यावर जाळीपाशी थांबलेल्या लोकांना आपलंसं करावं ते त्यानेच. दोन डच आजोबा दर रविवारी यायचे, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची, पोराटोरांच्या टोप्यांवर सह्या व्हायच्या. खरं सांगायचं तर तो खेळायचा तो या एवढ्याशा वेळासाठीच.

आज तर चंगळ होती. बेसबॉल खेळणारा एक मराठी मुलगा इथे आहे, असं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं, आणि चार-पाच मराठी कुटुंबं डबे आणि सतरंज्या घेऊन हजर झाली होती. खेळातलं कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. अश्वजित बाद झाला तेव्हाही त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

"कसला भारी पळतोस रे!" शलाका म्हणाली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. तिने कंबरेएवढ्या जाळीवरून नारळाच्या वड्यांचा डबा पुढे केला. "आधी खा. आणि पाठीवर हे 'अ‍ॅश' लिहिलंय, ते काय? आशिष?"

"आशुतोष असणार," तिचा नवरा जयेश म्हणाला.

"तसंच काहीतरी." अश्वजित हसला आणि पुढचं बोलावं लागू नये म्हणून त्याने अख्खी वडी तोंडात कोंबली.

"आणि आडनाव?"

तेवढ्यात विमान आलं. स्किपोल विमानतळ इतका जवळ होता की उतरणारी विमानं थेट डोक्यावरून जायची. विमान आलं की मैदानावरचे सगळे जण वाक्य अर्धवट टाकून गप्प उभे राहायचे आणि ते गेलं की तिथूनच पुढे बोलू लागायचे. अश्वजितने मात्र विमान जायच्या आत जयेशचा फोन घेतला आणि फोटोसाठी सगळ्यांना खुणेने जवळ बोलावलं. आवाज विरला तोवर शलाका केस सारखे करत होती. आडनावाचं तिथेच राहिलं.

सुटलो, असं त्याला वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याचीच लाज वाटली. आडनाव सांगितलं असतं तर या बाईने काय डबा मागे घेतला असता? बहुधा नाही. बहुधा काहीच झालं नसतं. पण सगळे इतक्या कौतुकाने बघत असताना त्या 'बहुधा'ची परीक्षा बघायची त्याची छाती होत नव्हती.

सगळ्यांना सह्या देऊन होईपर्यंत गर्दीच्या मागे कांताबाई थांबल्या होत्या. अंगावर कार्यक्रमाला नेसतात तशी पांढरी साडी आणि वरून मुलाचं ढगळ जॅकेट. मैदानाबाहेर आलेला एक चेंडू त्यांनी सामनाभर पदरात धरून ठेवला होता. अश्वजितने त्यांना ओळखलं. एप्रिलमध्ये हॉल घेऊन बाबासाहेबांची जयंती केली, तेव्हा तो खुर्च्या मांडत होता आणि नागपूरहून मुलाकडे आलेल्या या आजींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला होता.

त्या पुढे आल्या. आनंदाने त्यांचा चेहरा फुलला होता.

"जय भीम, बाळा."

अश्वजितची नजर शलाकाकडे गेली. ती डब्याला झाकण लावत होती. तिचा हात थबकला की काय, असं त्याला वाटलं. कदाचित थबकला नसेलही.

"नमस्कार," तो म्हणाला.

कांताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग शलाकाकडे पाहिलं. त्यांच्या काय ते ध्यानात आलं.

"नमस्कार, नमस्कार," त्या चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. आणि शलाकाकडे वळून हसल्या. "माझ्या विवेकच्या ओळखीचा आहे न हा. गुणाचा पोरगा आहे."

त्यांनी ओरडून चारचौघांत पाणउतारा केला असता तर बरं झालं असतं. सांभाळून घेतलेलं त्याला सोसवेना. त्याने चेंडूवर सवयीने 'अ‍ॅश' एवढंच लिहिलं. कांताबाईंनी चेंडू फिरवून पाहिला, उरलेलं नाव शोधत असाव्यात. मग तो पदराआड ठेवला आणि त्या फाटकाकडे निघाल्या. विवेक गाडी काढायला गेला होता.

अश्वजित जाळीच्या कडेकडेने त्यांच्यामागे धावला.

"आजी!"

त्या फाटकाशी वळल्या. त्याची हाक ऐकून शलाका, जयेश, डच आजोबा, सगळेच इकडे बघू लागले. शब्द अगदी ओठांवर आला होता, पण तो नुसताच उभा राहिला. झाडांच्या शेंड्यांवर विमानाचं नाक दिसलं. ते जवळ आलं, डोक्यावर आलं, सगळे गप्प झाले, आणि तेव्हा कुठे तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

"जय भीम, आजी!"

त्याचं त्यालाही ते ऐकू आलं नाही. विमानाचीच वाट पाहिली आपण, हे त्याला कळत होतं.

कांताबाईंनी कानाशी हात नेला. मग वर बोट दाखवून त्या हसल्या, जाऊ दे आधी ते, अशा अर्थाने. आणि थांबल्या.

विमान गेलं. मैदानावर सगळं शांत झालं. कांताबाई कानाशी हात धरून तशाच उभ्या होत्या.