छत्तीसचे त्रेसष्ट

“वय चुकलंय, मॅडम,” म्हणत समोरच्या गृहस्थांनी मृत्यूचा दाखला खिडकीतून आत सरकवला. हेमलतानं चष्मा लावला. हृदयविकाराचा झटका, वय ६३.

“बरोबर तर आहे.”

“त्रेसष्ट वय माझं. गेला तो माझा मुलगा, छत्तीसचा. वय माझं घातलंत, तर नावही माझंच घालायचं होतं.”

नगरपालिकेच्या या नोंदणी खिडकीवर हेमलताची एकवीस वर्षं गेली होती. दवाखान्यातून आलेला कागद तिनं काढला. त्यावर स्वच्छ ३६ होते आणि तिनंच ते लाल शाईनं ६३ केले होते. झटक्यानं जायचं हे काय वय आहे, घाईत लिहिताना आकड्यांची तोंडं फिरली असतील, असं तिला तेव्हा वाटलं होतं. तिनं वर्षभराची फाईल उपसली. ३४चे ६४, ३८चे ६८. अशी अकरा माणसं तिनं आपल्या हातानं म्हातारी केली होती.

फाईल घेऊन ती साहेबांकडे धावली. साहेबांनी मानही वर केली नाही. “यांचा दाखला दुरुस्त करून द्या. बाकीच्यांचं कुणी आलंय का विचारायला? वार्षिक अहवाल कालच वर गेलाय.”

अहवालाची प्रत टेबलावरच पडली होती. ‘हृदयविकाराने मृत्यू, वय चाळीसच्या आत’ या रकान्यात तिच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, निरंक.