भट्टीवरचं पाणी

कोंडीरामने तांब्याला हात लावला नाही.

गौराने तो राखेने घासून, काठोकाठ भरून बापासमोर ठेवला होता. झोपडीच्या दारात उंबरा म्हणून टाकलेल्या ओंडक्यावर तो बसला होता. खालापूरकडच्या गावातून अंधारात निघून, कोंडाणे लेण्यांच्या वरची सारी चढण पायी चढून तो या रानातल्या कोळशाच्या भट्टीपर्यंत आला होता. ओठ सुकून पांढरे पडले होते. तरी तांब्या ठेवल्या जागीच राहिला.

आईने दिलेली वालाची पुरचुंडी त्याने पुढे केली. गाय व्यायल्याचे सांगितले, आत्याच्या गुडघ्याचे सांगितले, रानात रात्री भीती वाटते का ते विचारले. गौरा उत्तरे देत होती; लक्ष मात्र सारे तांब्याकडे होते. कारण विचारण्याची तिला गरज वाटली नाही. तिचा नवरा पोपट त्यांच्याच गावच्या बौद्धवाडीतला. त्यांच्या लग्नाला तिच्या माहेरचे कोणी फिरकले नव्हते. बाप आज आपण होऊन आला, तेव्हा तिला वाटले, मिटले सगळे. पण वाल देणे वेगळे आणि पोपटच्या घरचे पाणी घशाखाली उतरवणे वेगळे.

पोपटने भट्टीपासूनच हात जोडले होते. त्याला जागा सोडता येत नव्हती. रचलेल्या लाकडांवर पाला, पाल्यावर मातीचा जाड लेप, आणि आत कोंडलेला विस्तव. लेप तडकून वारा आत शिरला, तर सगळ्या लाकडांची राख व्हायची. धूर पांढऱ्याचा निळसर होऊ लागला होता, म्हणजे कोळसा तयार होत आला होता. अशा वेळी भट्टीकडे पाठ करता येत नाही, हे गौराने बापाला दोनदा समजावले. दोन्ही वेळा त्याने नुसती मान हलवली.

तेवढ्यात भट्टीची एक कड खचली. भगदाडातून ज्वाळ बाहेर आली आणि पोपटने गौराला हाक मारली. ती उठेपर्यंत बाप तिच्या पुढे गेला होता. डोक्यावरची टोपी त्याने खुंटाला अडकवली आणि दोन्ही हात चिखलात घातले.

"आदी पाला दाब रं, पोपट," तो म्हणाला. "नुसती माती धरायची नाय."

बापाच्या तोंडून नवऱ्याचे नाव गौराने प्रथमच ऐकले.

ती चिखल कालवीत राहिली, ते दोघे थापत राहिले. धग एवढी होती की, एकाने पुढे व्हायचे आणि दुसऱ्याने मागे सरून श्वास घ्यायचा, असे करावे लागले. अखेर ज्वाळ विझली. धूर पुन्हा वरच्या तोंडातून सरळ निघू लागला. भट्टी वाचली होती.

कोंडीराम धापा टाकीत जमिनीवर बसला.

"पानी हाय का रं?"

पोपट झोपडीकडे वळला, तसे त्याने हाताने अडवले. घरचे नको, भट्टीवर आहे तेच दे, म्हणाला. भट्टीजवळच्या मडक्यातून पोपट दिवसभर पाणी पीत असे. त्यात जर्मनचे भांडे बुडवून त्याने ते भरले आणि सासऱ्याच्या हातांवर उंच धरले. पोपटच्या आजाला गावात पाणी मिळे ते असेच, वरून, ओंजळीत.

कोंडीरामने वर पाहिले. मग चिखलाच्या हातांनी त्याने ते भांडे पोपटकडून काढून घेतले आणि तोंडाला लावून एका दमात रिकामे केले.

गौरा पुढे आली. ती बापाशेजारी बसली.

"मंग मी दिलेलं का नाय घेतलं, आबा?"

"येडी का काय तू?" कोंडीरामने तोंड पुसले. "लेकीच्या घरचं पानी बाप पितो व्हय? पयलं नातवंड दाव. मंग तांब्या काय, हंडा रिता करंन."

हा नेम तिला ठाऊक होता. गावातला प्रत्येक बाप तो पाळत असे. पण तो रीतसर लग्न लावून दिलेल्या लेकींसाठी. आपल्या दारात कोणी तो पाळील, हे तिच्या मनातही आले नव्हते. तिने पदर तोंडाशी धरला. ती हसत होती की रडत होती, हे पोपटला कळेना, म्हणून तो दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला.

कोंडीरामने रिकामे भांडे त्याच्यापुढे केले.

"आनखी एक द्या, जावईबापू. आन नातवंडाचं जरा मनावर घ्या. दर खेपंला भट्टी फुटायची वाट बघत बसू काय मी?"