फुली, शून्य, तिरकी रेघ

प्रिंटर खरखरला, थरथरला आणि पुन्हा कचराच ओकला. फुल्या, शून्यं, तिरक्या रेघा. नानांनी पाठवलेली ओळ साधी होती: मी अजून चालतो. पण कॉम्प्युटरमधून धडधाकट निघालेल्या त्या ओळीचे कागदावर पोचेपर्यंत तीनतेरा वाजत. ओळ तीच, कचरा मात्र दर खेपेला नवा.

नानांनी कागद फाडून टोपलीत टाकला. टोपली रिकामी होती. आधीचे कागद गेले कुठे, याचा विचार करायला त्यांना सवड नव्हती.

कॉम्प्युटर त्यांच्या तरुणपणातला, टीव्हीला जोडून चालवायचा. माळ्यावरून उतरल्यापासून त्याने जेवायचं टेबल अडवलं होतं आणि नाना-नानी ओट्याशी उभ्याने जेवत होते. शेवटी नानींनी सोक्षमोक्ष लावला.

"रविवारी माझा भाऊ टेम्पो घेऊन येतोय. तोवर या डब्याने घराच्या उपयोगाचं एक तरी काम करून दाखवावं. नाहीतर तो भंगारात जाईल आणि मी खुर्चीत बसून जेवेन."

आज रविवार होता, आणि टेम्पोचा हॉर्न नुकताच खाली वाजला होता.

नानांना घाम फुटला. केबल त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडली होती, त्यात खोट निघणं शक्य नव्हतं. त्यांनी प्रिंटर पुन्हा एकदा उलटा केला, मागची धूळ फुंकली, आणि तिच्याखाली वेग ठरवणाऱ्या इवल्या इवल्या खटक्यांची एक रांग दिसली. नानांनी कपाळावर हात मारून घेतला. केबलमधून अक्षरं एकामागून एक जातात. कॉम्प्युटर ती सावकाश बोलत होता आणि प्रिंटर घाईघाईने ऐकत होता. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तरी हे आधी सुचायला हवं होतं.

त्यांनी टाचणीने एक खटका खाली पाडला. प्रिंटर खरखरला. कागदावर स्वच्छ, ठसठशीत उमटलं: मी अजून चालतो. नानांचे डोळे भरून आले.

"उचलू का, दाजी?" मेहुणा बाह्या सरसावून दारात उभा होता.

"हात लावू नकोस. आधी तुझ्या ताईला हे बघू दे," असं म्हणत नाना कागद फडकवत आतल्या खोलीत धावले. मेहुणा मागोमाग आला.

नानी खिडकीशी विणत बसल्या होत्या. मांडीवर पिवळा स्वेटर होता. पाठ झाली होती, पोट झालं होतं, दोन्ही बाह्या झाल्या होत्या. शेजारणीच्या स्वेटरांपुढे दर वर्षी हार खाणाऱ्या नानी आज कधी नव्हे त्या प्रसन्न दिसत होत्या. समोर खिडकीच्या गजांना चिमट्यांनी टांगले होते टोपलीतले सगळे कागद.

"फुलीला उलटा टाका, शून्याला जाळी, रेघेला दोन टाके एकत्र," सुया न थांबवता त्या भावाला सांगू लागल्या. "शेजारीण दोनदा विचारून गेली, नमुना कुठून आणलात म्हणून. म्हटलं, आमच्या ह्यांनी खास माझ्यासाठी मशीनवर काढलाय." मग त्यांनी नानांकडे पाहिलं आणि चक्क लाजल्या. "तुम्ही तोंडाने बोलला नाहीत, पण मला कळलं हो."

नानांनी गजांवरचे कागद एकेक करून पाहिले.

"आता फक्त गळा राहिलाय. आणलात ना त्याचा कागद?" नानींनी तो नानांच्या हातातून घेतला, उलटा केला, सुलटा केला. त्यांचा चेहरा पडला. "यात तर एकही फुली नाही. बिघडला वाटतं डबा?"

मेहुण्याने पुन्हा बाह्या सरसावल्या.

"किरकोळ बिघाड आहे. आत्ता दुरुस्त करून आणतो," नाना म्हणाले, आणि टाचणी शोधायला धावले.